आधी फ्रिज उघडा, मग पुस्तक

जुन्या जालन्यात गांधीचमनला स्त्री रुग्णालय आहे. तिथे जन्मलेल्या बाळाचं लसीकरण बाळंतीण घरी जाण्याआधीच सुरू होतं: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी. पुढचे डोस मात्र विखुरतात. कुणी शहरी आरोग्य केंद्रात जातं, कुणी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे, कुणी माहेरच्या उपकेंद्रात. दोन वर्षांत एकाच बाळाच्या कार्डावर चार-पाच जणांच्या सह्या जमतात. त्या सह्या करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. डॉक्टर, सिस्टर, आरोग्यसेविका, लस विकणारे औषध दुकानदार आणि ड्यू लिस्ट घेऊन दारोदार फिरणाऱ्या आशाताई, सगळेच यात आले.

लसीकरणाचं शिक्षण एकदा घेऊन पुरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. अडचण असते ती वेळेची आणि ठिकाणाची. प्रशिक्षण म्हटलं की संभाजीनगर, पुणे नाहीतर मुंबई गाठायची, दवाखाना बंद ठेवायचा, दिवसभर स्लाइड बघायच्या आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचं, असंच चित्र डोळ्यासमोर येतं. माझं म्हणणं वेगळं आहे. महिन्यातून एक तास, आपल्याच दवाखान्यात, आपल्याच फ्रिजसमोर आणि आपल्याच रजिस्टरवर केलेला अभ्यास हा पाया धरा. बाहेरचे अभ्यासक्रम त्यावर चढवायचे.

आधी गेल्या दहा वर्षांत काय काय बदललं ते मनाशी मोजून बघा. एप्रिल २०१६मध्ये तीन विषाणूंची पोलिओ लस जाऊन दोन विषाणूंची आली. पोलिओच्या इंजेक्शनचा अंशात्मक डोस, म्हणजे फक्त ०.१ मिलि आणि तोही त्वचेच्या थरात, नेहमीचा झाला. जानेवारी २०२३पासून नऊ महिन्यांना त्याचा तिसरा डोस जोडला गेला. नोव्हेंबर २०१८च्या मोहिमेनंतर नुसत्या गोवरच्या लसीच्या जागी गोवर-रुबेला आली. २०१९मध्ये महाराष्ट्रात रोटाव्हायरस आणि २०२१मध्ये न्यूमोकोकलची पीसीव्ही सरकारी वेळापत्रकात दाखल झाली. टीटी जाऊन टीडी आली. पंधरा वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडलेली सिस्टर कितीही हुशार असली, तरी तेव्हाच्या वह्यांवर तिला आजचं सत्र चालवता येणार नाही. यात तिचा दोष नाही. शिकण्याची सोय तिच्या टेबलापर्यंत आणायला हवी.

फ्रिजपासून सुरुवात

उन्हाळ्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून लस तापेल ही भीती आपल्या मनात घट्ट बसलेली असते. ती खरीच आहे. पण घरगुती फ्रिजमध्ये लस गोठूनही बिघडते, आणि गोठून वितळलेली लस वरवर बघता चांगल्या लसीसारखीच दिसते. मे महिन्यात आपण थर्मोस्टॅटची कळ फिरवून थंडावा वाढवतो. पावसाळा येतो, दिवाळी होते, कळ तिथेच राहते. डिसेंबरच्या पहाटे बाहेरच गारठा असतो, रात्रभर फ्रिजचं दार कुणी उघडत नाही, आणि बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेली खोकी शून्याखाली जातात. सकाळी दहाला दवाखाना उघडेपर्यंत सगळं पुन्हा पातळ झालेलं असतं.

पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी आणि पीसीव्ही या लसींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, वितळल्यावरही सुटत नाहीत, आणि लसीची ताकद जाते. कुपीवरचं व्हीव्हीएम, म्हणजे गोलातला तो चौकोन, उष्णतेचा हिशेब ठेवतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की ती बाद. गोठण्याबद्दल मात्र व्हीव्हीएम काहीच सांगत नाही. शिवाय खासगी बाजारातल्या अनेक लसींवर हे लेबल नसतंच.

म्हणून पहिल्या महिन्याचा धडा शेक टेस्टचा ठेवा. ती वाचून येत नाही, डोळ्यांनीच बघावी लागते. एकाच बॅचच्या टीडीच्या दोन कुप्या घ्या. एकीवर ‘गोठवलेली’ असं लिहून ती रात्रभर बर्फाच्या कप्प्यात पूर्ण गोठू द्या. सकाळी बाहेर काढून वितळू द्या. मग दोन्ही कुप्या एकाच हातात धरून जोरात हलवा आणि उजेडाच्या बाजूला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. पंधरा मिनिटांतच फरक दिसायला लागतो. चांगल्या कुपीतलं पाणी दुधट राहतं. गोठवलेल्या कुपीत पांढरा गाळ भराभर तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी दिसतं. सिस्टरने, मदतनिसाने, औषध दुकानातल्या मुलाने हे एकदा पाहिलं की बर्फाच्या कप्प्याजवळ लस ठेवू नका असं पुन्हा बजावावं लागत नाही. एक लक्षात ठेवा: ही परीक्षा ॲल्युमिनियम असलेल्या लसींपुरतीच आहे. पोलिओच्या इंजेक्शनलाही गोठणं सोसत नाही, पण तिथे शेक टेस्ट लागू पडत नाही. कुपी डोळ्यांदेखत बर्फ झालेली सापडली, तर परीक्षा करत बसू नका, सरळ बाद करा. गोठवलेली नमुन्याची कुपीही धडा संपला की नष्ट करा, ती चुकून साठ्यात जाता कामा नये.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण रोज पाळाव्या लागतात. लसी मधल्या फळीवर ठेवायच्या. दारात, बर्फाच्या कप्प्याला लागून किंवा भाजीच्या ट्रेमध्ये ठेवायच्या नाहीत. दारात आणि भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की लाइट गेल्यावर थंडावा जास्त वेळ टिकतो. डबा, दही, इन्सुलिन घ्यायला येणाऱ्यांची वर्दळ या फ्रिजमध्ये नको. थर्मामीटर लसींच्या मधोमध, नोंद सकाळ-संध्याकाळ, मर्यादा २ ते ८ अंश. प्लगवर चिकटपट्टी लावा, म्हणजे झाडलोट करणाऱ्या मावशी तो काढणार नाहीत. लाइट गेली की दार उघडून बघण्याचा मोह आवरा. सरकारी केंद्रात आयएलआर, म्हणजे लसींसाठीचा खास फ्रिज, आणि तापमान नोंदवणारं यंत्र असतं. ही शिस्त कशी पाळली जाते ते पाहायला एखाद्या आरोग्य केंद्रात अर्धा तास जाऊन या. तिथली कोल्ड चेन सांभाळणारी व्यक्ती मोठ्या आस्थेनं सगळं दाखवते.

कुपीवर काय लिहिलं आहे

३१ जानेवारी २०२१ला, पोलिओ रविवारी, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसीकोपरी इथे १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. या प्रकरणात कारवाईची चर्चा खूप झाली. आपण त्यातून उचलायची गोष्ट छोटी आहे: टेबलावर लसीशेजारी दुसरी कुठलीही बाटली असता कामा नये, आणि प्रत्येक बाळाच्या वेळी लेबल वाचलं गेलं पाहिजे. शंभरावं मूल असलं तरी.

याहून जुनी एक घटना प्रत्येक लस टोचणाऱ्याला माहीत असायला हवी. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच प्रयोगशाळेला आज परळची हाफकिन संस्था म्हणतात. १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ही लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे ‘५३ एन’ या एकाच बाटलीतले. दोष प्रयोगशाळेवर, पर्यायाने हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावं लागलं. बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे पुढे तपासात समोर आलं. १९०७मध्ये ते दोषमुक्त झाले, पण आयुष्याची पाच वर्षं गेली. बाटलीचा क्रमांक नोंदलेला होता म्हणून माग निदान एका बाटलीपर्यंत तरी पोहोचला. तुमच्या रजिस्टरमध्ये बॅच क्रमांकाचा रकाना रिकामा असेल, तर उद्या बाळाच्या आईला आणि स्वतःलाही तुम्ही काय उत्तर देणार?

दुसऱ्या महिन्यात कुप्यांचाच तास घ्या. प्रत्येकाने एकेक कुपी उचलून मोठ्याने वाचायची: नाव, बॅच, मुदत, व्हीव्हीएम, उघडल्याची तारीख. पेंटा, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, पीसीव्ही आणि दोन्ही पोलिओ लसींची उघडलेली कुपी, सगळ्या अटी पाळल्या असतील तर, चार आठवडे चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची पूड एकदा पाण्यात मिसळली की चार तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी असेल ते. त्यानंतर कितीही डोस उरले तरी टाकायचे. यात परिरक्षक नसतं, जंतू वाढतात, आणि दुपारनंतर त्याच कुपीतला डोस बाळाच्या जिवावर बेतू शकतो. मिसळण्याचं पाणी त्याच लसीचं, त्याच कंपनीचं आणि थंड केलेलं हवं. टाकून द्याव्या लागणाऱ्या डोसांची हळहळ चांगल्या माणसांनाही चुकीच्या वाटेला नेते, म्हणून हा नियम मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा म्हणावा लागतो.

कार्ड वाचण्याचा सराव

आपल्या भागात सगळ्यात जास्त कस लागतो तो इथे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं टोळ्यांबरोबर निघतात. तान्ही मुलंही सोबत जातात. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही जण शहरात मजुरीला येतात. त्यांच्या बाळाचं कार्ड भिजलेलं असतं, फाटलेलं असतं, किंवा ट्रॅक्टरवरच राहून गेलेलं असतं.

एक उदाहरण सोडवून पाहू. बाळ चौदा महिन्यांचं आहे. जन्मानंतरचे डोस झाले. दीड महिन्याला पेंटा, पोलिओचे थेंब, पोलिओचं इंजेक्शन, रोटा आणि पीसीव्ही यांचे पहिले डोस मिळाले. त्यानंतर काहीच नाही. इथे पहिली चूक होते ती ‘पुन्हा पहिल्यापासून सुरू करू’ म्हणण्याची. मालिका पुन्हा सुरू करायची नसते, जिथे सुटली तिथून पुढे न्यायची असते. पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांचा निदान एक डोस वर्षाच्या आत झाला आहे, त्यामुळे या तिन्ही लसी पूर्ण करता येतात. आज एकाच भेटीत दुसरा पेंटा, दुसरे थेंब, दुसरा रोटा, पुढचा पीसीव्ही, पोलिओच्या इंजेक्शनचा दुसरा डोस, गोवर-रुबेलाचा पहिला आणि त्यासोबत अ जीवनसत्त्व. चार आठवड्यांनी पेंटा, थेंब आणि रोटाचा तिसरा डोस. पीसीव्हीसाठी आठ आठवड्यांचं अंतर. सोळा महिने पूर्ण झाल्यावर, आणि पहिल्या डोसानंतर किमान चार आठवडे लोटल्यावर, गोवर-रुबेलाचा दुसरा.

आता तेच बाळ एकही पेंटा न घेता आलं असतं तर? सरकारी वेळापत्रकानुसार वर्षानंतर पेंटा सुरू होत नाही, डीपीटी द्यायची. बीसीजीची मर्यादाही एक वर्षाची. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. खासगी बालरोगतज्ज्ञ आयएपी या त्यांच्या संघटनेचं वेळापत्रक वापरतात, त्यातले नियम काही ठिकाणी वेगळे आणि लसी जास्त आहेत. दोन्ही वेळापत्रकं भिंतीवर शेजारी शेजारी लावा. खासगीत सुरू झालेलं बाळ सरकारी केंद्रात आलं किंवा उलट झालं, तर सिस्टरची तारांबळ होते ती दुसरं वेळापत्रक कधी पाहिलेलंच नसतं म्हणून.

एका दिवशी चार टोचे म्हटल्यावर आई घाबरते, आणि खरं सांगायचं तर टोचणाराही कचरतो. निम्मे आज, निम्मे पुढच्या आठवड्यात, असं ठरतं. ते कुटुंब पुढच्या आठवड्यात वीटभट्टीवर गेलेलं असतं. म्हणून या सरावाचा खरा भाग हिशेबापेक्षा बोलण्याचा आहे. एकाच मांडीवर किंवा दंडावर दोन टोचे द्यायची वेळ आली तर मध्ये किमान एक इंच अंतर ठेवायचं. एकत्र दिल्यानं लसींचा परिणाम कमी होत नाही हे आईला सोप्या शब्दांत सांगायचं, आणि टोचताना बाळाला तिच्या मांडीवरच राहू द्यायचं.

दर महिन्याच्या बैठकीला तीन खरी कार्डं आणा, नाव-पत्ता झाकून. प्रत्येकाने आधी आपल्यापुरतं कागदावर उत्तर लिहायचं, मग चर्चा, मग आरोग्य मंत्रालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या लसीकरण पुस्तिकेशी पडताळा. वर्षभरात छत्तीस बाळं होतात. कुठल्याही व्याख्यानातून एवढं पदरात पडत नाही.

रंगीत तालीम

२ जानेवारी २०२१ला कोविड लसीकरणाची रंगीत तालीम महाराष्ट्रात चार जिल्ह्यांत झाली: पुणे, नागपूर, नंदुरबार आणि आपलं जालना. प्रत्येक केंद्रावर पंचवीस आरोग्य कर्मचाऱ्यांना बोलावून नोंदणीपासून अर्ध्या तासाच्या निरीक्षणापर्यंत सगळं लस न टोचता करून पाहिलं. दोन आठवड्यांनी खरी मोहीम सुरू झाली. त्या दिवसांत काम केलेले कितीतरी जण आजही इथेच आहेत. ती पद्धत नियमित लसीकरणात का आणू नये?

तालीम करायची ती ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे लसीनंतर अचानक येणाऱ्या तीव्र ॲलर्जीची. असा प्रसंग फार दुर्मीळ, पण आला तर मिनिटांचा खेळ. एक जण रुग्ण होतो, एक जण घड्याळ धरतो. ॲड्रिनलिनची कुपी कुठे आहे, तिची मुदत संपली का, वयानुसार डोसाचा तक्ता किटमध्ये चिकटवला आहे का, १०८ला फोन कोण करणार, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. भोवळ आणि ॲनाफिलॅक्सिस यांतला फरक सगळ्यांना तोंडपाठ हवा. भोवळ आलेला माणूस पांढरा पडतो, नाडी मंदावते, आडवं केलं की सावरतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये अंगावर गांध्या, श्वासात घरघर, नाडी जलद आणि क्षीण. ॲड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आरोग्यसेविकेला पहिला डोस स्वतः देण्याची मुभा आहे. डॉक्टर येईपर्यंत थांबून मौल्यवान मिनिटं घालवायची नसतात. नंतरची नोंद लपवू नका. खासगी दवाखान्यातला गंभीर प्रसंगही जिल्हा माता व बालसंगोपन अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे.

बोलण्याची तालीमही अशीच हवी. जुन्या जालन्यात एका सकाळी मराठी, हिंदी, दखनी आणि मारवाडी बोलणाऱ्या आया एकाच बाकावर बसलेल्या असतात. प्रत्येकीला चार गोष्टी कळायला हव्यात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढे कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचं. हे चार निरोप ज्या भाषेत आई घरी बोलते त्या भाषेत म्हणून बघा. २०२२च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेल्या मुलांच्या घरी पुन्हा पुन्हा जावं लागलं. नकार देणारा बाप बहुतेकदा घाबरलेला असतो. त्याचं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये तोडायचं नाही.

बाहेरचं शिक्षण

इथवर आलात की बाहेरचे अभ्यासक्रम खरे उपयोगी पडतात, कारण विचारायला तुमच्याकडे प्रश्न असतात. सरकारी कर्मचाऱ्यांना जिल्हा प्रशिक्षण केंद्र आणि संभाजीनगरचं आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्र ही जवळची ठिकाणं. कोल्ड चेनची उपकरणं दुरुस्त करणाऱ्यांसाठी पुण्यात राष्ट्रीय शीतसाखळी केंद्र आहे. बालरोगतज्ज्ञांनी आयएपीच्या लसीकरण कार्यशाळा धराव्यात. ज्याला याच विषयात खोल उतरायचं आहे त्याच्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा इंडव्हॅक, सोलच्या आंतरराष्ट्रीय लस संस्थेचा अभ्यासक्रम, आणि फ्रान्समध्ये आनसीजवळ २०००पासून चालणारा ॲडव्हॅक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत ऑनलाइन धडे रात्री जेवणानंतर घरबसल्या करता येतात. इंग्रजी जड वाटलं तर दोघा-तिघांनी मिळून करा.

डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. ती मिळवताना विषय निवडा, जेवणाचं हॉटेल नको. लस कंपनीने भरवलेल्या व्याख्यानाला जायला हरकत नाही. वक्त्याला एवढं जरूर विचारा: ही लस कुणाला लागत नाही? उत्तर टाळलं गेलं, तर तो दिवस शिक्षणात धरू नका. जालन्यात २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला तुमच्या बैठकीत एक माणूस पाठवण्याची विनंती करा. त्यांच्या विद्यार्थ्यांनाही खरी कार्डं बघायला मिळतील.

गट आठ-दहा जणांचाच असू द्या. त्यात निदान दोन सिस्टर, एक आशाताई आणि एक औषध दुकानदार हवाच. नुसत्या डॉक्टरांचा गट करू नका, कारण फ्रिजचं दार दिवसातून दहादा उघडणारी माणसं त्यात नसतात. जागा दर महिन्याला बदला, म्हणजे प्रत्येकाचा फ्रिज एकदा तरी सगळ्यांसमोर उघडला जाईल. पहिली बैठक फेब्रुवारीतच उरकून घ्या. पाडव्याच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या परतायला लागतात, आणि तोवर निदान कार्ड वाचण्याचा सराव झालेला असला पाहिजे.